नलूताईंचा दुसरा रकाना

निखिलचा फोन आला तेव्हा मी गॅरेजमधल्या बाकड्यावर बसले होते. गाडीचे विंटर टायर काढायला दिले होते आणि तिथल्या मशीनमधली पाणचट कॉफी पीत होते. "मावशी, आई गेली," तो म्हणाला. "आज सकाळी, झोपेतच. काल रात्री शी वॉज फाइन." निखिल म्हणजे आमच्या जुन्या घरमालकिणीचा, नलूताईंचा मुलगा, टोरोंटोपासून चार तासांवर विंडसरला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर आहे. मागे टायरचे नट काढणारं मशीन खरखरत होतं. आदल्याच रविवारी नलूताई मला म्हणाल्या होत्या, "माधवी, टायर काढायची घाई नको करू बरं. एप्रिलात एकदा तरी बर्फ पडतोच." मी कुठली ऐकायला. त्यांना निरोप द्यायला गेलो त्या दिवशी नेमका बर्फ पडला आणि साध्या टायरांवर मुंगीच्या पावलांनी गाडी चालवत मी तिथे पोचले, ती सगळ्यांच्या शेवटी. ते बघायला त्या असत्या तर आठवडाभर माझी खेचत बसल्या असत्या...

आता पाच आठवडे झाले. रडून झालं, आणि खरं सांगायचं तर रडण्यासारखं फारसं नव्हतंही. भरपूर जगल्या, हवं ते बोलल्या, कुणावर भार न टाकता गेल्या. मला लिहायचंय ते त्यांच्या एका खोडीबद्दल. कुणी म्हणालं की अमुक इतके वाचवले, की नलूताई चष्मा कपाळावर चढवून विचारायच्या, "हो का? मग ते गेले कुठे?" घरात, दुकानात, टीव्हीवरच्या मंत्र्याला, सगळ्यांना हाच प्रश्न. सुरुवातीला मला वाटायचं, म्हातारीला वाद घालायची हौस आहे.

दोन हजार चार साली मी आणि माझा नवरा सुहास टोरोंटोला आलो आणि त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहिलो. दोन वर्षांसाठी म्हणून गेलो आणि सात वर्षं राहिलो. हीट आणि हायड्रो, म्हणजे वीज, भाड्यातच धरलेली होती. पहिल्या डिसेंबरात त्या बेसमेंटमध्ये असा काही गारठा पडला की मी भाजी चिरताना हातमोजे घालायची. वर नलूताईंकडे मात्र छान ऊब. पण आल्या आल्या घरमालकिणीला कसं सांगायचं? आपल्या लोकांचं हेच तर असतं, गोठून मरू पण भीड सोडणार नाही. सुहासने एक छोटा विजेचा हीटर आणला. तो दिवसरात्र चालायचा आणि नलूताईंच्या चपलांचा आवाज जिन्यावर आला की मी तो कपाटात ढकलून वर गोधडी टाकायची. एकदा गोधडीला करपल्याचा वास यायला लागला तेव्हा मी त्यांना सांगितलं, पापड भाजत होते.

जानेवारीत हायड्रोचं बिल आलं. नलूताई ते हातात घेऊन खाली उतरल्या. "बाप्पा," त्या म्हणाल्या, "गॅसचं बिल वाढलं नाही म्हणून मी खुशीत होते. मग हे काय होऊन राहिलं?" त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सरळ जाऊन कपाट उघडलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण त्या आमच्या पलंगावर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. झालं होतं ते असं. फर्नेसच्या, म्हणजे घर तापवणाऱ्या गॅसच्या भट्टीच्या खोलीत छताखालून पत्र्याचा एक जाड पाइप जातो, त्याला एक दांडी असते. ती फिरवली की खालच्या खोल्यांत गरम हवा जाणं बंद होतं. बेसमेंट रिकामं असायचं तेव्हा त्यांनी गॅस वाचवायला ती बंद करून ठेवलेली, आणि आम्ही आल्यावरही तशीच राहू दिली होती. "थोडं गार लागलं तर लागलं, गॅस तर वाचतो, असं म्हटलं मी," त्या म्हणाल्या. "एका खिशातले वाचवले नि दुसऱ्या खिशातून दुप्पट गेले. वरून तुम्ही दोघं कुडकुडले ते वेगळंच."

त्याच पावली त्या फर्नेसच्या खोलीत गेल्या, दांडी उघडली, पांढऱ्या चिकटपट्टीवर काळ्या मार्करने लिहिलं, "बंद करू नये. नलू." आणि ती पट्टी दांडीवर चिकटवली. मी म्हटलं, "अहो, आम्ही कशाला बंद करू?" तर म्हणाल्या, "तुझ्यासाठी नाही गं. माझ्यासाठी आहे." मग एकदम गप्प झाल्या. एवढ्या हसलेल्या बाई अशा का गप्प झाल्या, ते मला तेव्हा कळलं नाही.

नलूताई मूळच्या नागपूरच्या. अर्थशास्त्र शिकून सत्तरच्या दशकात नवऱ्याबरोबर इकडे आल्या आणि प्रांताच्या सरकारात बजेटच्या कामावर तीस वर्षं राहिल्या. त्यांचं काम काय, हे त्यांनी मला एका वाक्यात सांगितलं होतं. एखादा नियम केला किंवा बदलला तर सरकारचे किती खर्च होतील आणि किती वाचतील याचा तक्ता करायचा. नवरा गेला, निखिल विंडसरला गेला, त्या रिटायर झाल्या. घर मोठं आणि माणूस एक, म्हणून आम्हाला खाली ठेवलेलं. पुढे आमची ईरा झाली, आणि ती जिना चढायला शिकली तेव्हापासून वरच जास्त असायची. नलूताई तिच्याशी मराठीत बोलायच्या, ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची, आणि दोघींचं छान चालायचं.

ईरा चार वर्षांची असताना आप्पा आले. आप्पा म्हणजे माझे वडील, साताऱ्याजवळच्या एका हायस्कूलचे रिटायर्ड हेडमास्तर. आई गेल्यावर ते एकटे पडले होते, म्हणून मी त्यांना स्पॉन्सर केलं. कागद मंजूर व्हायला काही वर्षं गेली आणि ऐन नोव्हेंबरात ते टोरोंटोला उतरले. स्पॉन्सर करताना मी सही केली होती की पुढची दहा वर्षं त्यांचा भार आम्ही उचलू, ते सरकारी मदत मागणार नाहीत. शिवाय आमच्या प्रांतात नव्याने आलेल्या माणसाला हेल्थ कार्ड मिळायला तीन महिने थांबावं लागतं. तोवर डॉक्टर, दवाखाना, सगळं स्वतःच्या पैशाने. आम्ही त्यांचा खाजगी इन्शुरन्स काढला होता, पण त्यांना वीस वर्षांचा डायबेटिस, आणि जुन्या आजाराचं त्यात काही बसत नव्हतं. हे सगळं मी आप्पांना विमानतळावरून येतानाच सांगितलं. माझी अक्कल. मास्तर माणूस, त्यांनी ते नियमासारखं पाठ करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गावाहून आणलेलं कॅलेंडर भिंतीला लावलं आणि रोज एक तारीख पेन्सिलीने खोडायला लागले. "कार्ड हातात पडेपर्यंत आजारी पडायचं नाही," त्यांनी जाहीर केलं. गोड सोडलं, भात सोडला, बर्फ पडला की बाहेर जायचं सोडलं. माणसं चातुर्मासात वांगं सोडतात तसं आप्पांनी आजारपण सोडलं. रोज चार वाजता ते चहाला वर जायचे आणि नलूताई विचारायच्या, "काय सर, तिमाही परीक्षा कशी चालू आहे?" आप्पा म्हणायचे, "अभ्यास झालाय. पास होणार." दोघांची गट्टी बघता बघता जमली. एक सातारकर, एक नागपूरकर. तर्री म्हणजे काय आणि कट म्हणजे काय यावर त्यांचे तास जायचे. आप्पा बऱ्याच दिवसांनी हसायला लागले होते, आणि माझाही जीव भांड्यात पडला होता.

एक गुरुवार होता. मी घरून काम करत होते, आणि चार वाजून गेल्यावर नलूताई खाली आल्या. "माधवी, सर बरे आहेत ना?" मी म्हटलं, "गुडघे दुखतात म्हणून वर येत नाहीत. जिना नको म्हणाले." त्या तिथेच उभ्या. "तीन दिवस झाले, माझ्याकडे रोज अर्धा कप दूध उरून राहिलं. पहिल्या दिवशी वाटलं, चला, वाचलं. आज म्हटलं, वाचलं म्हणजे माणूस गेला कुठे?" असं म्हणून त्या सरळ आप्पांच्या खोलीत गेल्या. ते पलंगावर पाय पांघरुणात घेऊन बसले होते.

"सर, मोजा काढा."

"काही नाही हो, जरा घासलंय. नवे बूट."

"मोजा काढा म्हणते ना मी."

मोजा निघाला. करंगळीपासून तळव्यापर्यंत लाल, सुजलेलं, आणि करंगळी काळी पडत आलेली. बूट एक नंबर लहान घेतले होते, कारण आप्पांचा हट्ट की चाळीस वर्षं हाच नंबर घालतोय. डायबेटिसमुळे पायाला कळत नव्हतं आणि कळलं तेव्हा त्यांनी लपवलं. मी त्यांच्यावर ओरडले. खरंच ओरडले, वडील म्हणून काही ठेवलं नाही. ते शांतपणे भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, "एकोणीस दिवस राहिलेत. हळद लावतोय. एकोणीस दिवस निघतील." मी म्हटलं, आत्ता निघायचं. ते म्हणाले, "तू सही केली आहेस. इथल्या दवाखान्याचं बिल माहितेय मला. तुम्ही घरासाठी जमवलेले सगळे माझ्या एका पायात घालणार? मी येणार नाही." आणि माझे आप्पा एकदा नाही म्हणाले की ब्रह्मदेव आला तरी हो म्हणायचे नाहीत.

नलूताई त्यांच्यासमोर स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "सर, ही तीन महिन्यांची अट आहे ना, ती करताना तिचा एक तक्ता माझ्या टेबलावरनं गेला. नव्या लोकांना तीन महिने काही दिलं नाही तर किती वाचतील, ते मी मांडलं. चांगलं नीट मांडलं, साहेबांनी शाबासकी दिली. पण एकच रकाना होता त्यात. वाचले, एवढाच. ते गेले कुठे, हा दुसरा रकाना मी काढलाच नाही."

"तुम्हाला काढायला सांगितला होता का?" आप्पांनी विचारलं.

"नाही."

"मग तुमची चूक कशी?"

"गणितात मुलाने अर्धंच उत्तर लिहिलं तर तुम्ही पूर्ण मार्क देता का, सर?"

आप्पा मोजा परत चढवायला वाकले.

"तो दुसरा रकाना आज मला दिसून राहिला," नलूताई त्यांच्या पायाकडे बघत म्हणाल्या. "मी इतकी वर्षं सांगते आहे, माणसं थांबत नाहीत, आजार थांबत नाही. नुसतं बिल थांबतं, आणि मग मोठं होऊन येतं. मला हा पाय त्या रकान्यात नाही लिहायचा. चला." आप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग कॅलेंडरकडे, आणि मला म्हणाले, "माझा कोट आण."

कार्ड नसलेल्यांनाही तपासणारं एक छोटं आरोग्य केंद्र नलूताईंना माहीत होतं, तिथे गेलो. तिथल्या नर्सने पाय बघितला आणि म्हणाली, आठ-दहा दिवस आधी आला असतात तर मीच ड्रेसिंग करून घरी पाठवलं असतं. आता हॉस्पिटल. मग पुढचं सगळं झालं. सलाईनमधून औषधं, ऑपरेशन, कितीतरी दिवस हॉस्पिटलचा पलंग. उजव्या पायाची करंगळी गेली, पाय राहिला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "कार्ड येईपर्यंत थांबला असतात तर पाऊल गेलं असतं, कदाचित जास्तही." हे मी आप्पांना आजतागायत सांगितलेलं नाही. नलूताईंना त्याच दिवशी सांगितलं. हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये त्या माझा हात धरून बसून राहिल्या.

बिल आलं ते आम्ही हप्त्यांनी फेडलं आणि आमचं घर घेणं दीड वर्ष पुढे गेलं. मला त्याचं काही वाटलं नाही, खोटं कशाला सांगू, थोडं वाटलं. पण नलूताईंनी मला त्यावर एक कागद मांडून दाखवला. मधोमध घडी घातलेली, डावीकडे "वाचले", उजवीकडे "गेले कुठे". डावीकडे एकच ओळ होती, नर्सच्या चार ड्रेसिंगचे पैसे. उजवीकडे खाली जागा पुरत नव्हती. आमचं बिल होतंच, पण एकूण खर्चात सरकारचं किती गेलं, ते त्यांनी शोधून शोधून लिहिलं होतं. कार्ड आल्यानंतर दोन महिने रोज घरी येणारी नर्स सरकारच्या पैशाने. बिनाकरंगळीचे खास बूट, त्यात सरकारचा वाटा. मी बिनपगारी रजा घेतली, म्हणजे माझा टॅक्स बुडाला, तोही सरकारचाच. "एका माणसाची एका खात्यात काटकसर," त्या म्हणाल्या, "नि चार खात्यांत उधळपट्टी. पण चारही खात्यांची बजेटं वेगळ्या मजल्यांवर असतात गं, कुणी जिना चढून विचारत नाही."

दरवर्षी जानेवारीच्या सुमारास बजेटच्या आधी आमदारांची एक समिती लोकांचं म्हणणं ऐकते. कुणीही नाव नोंदवून दहा मिनिटं बोलावं. नलूताई रिटायर झाल्यापासून दरवर्षी जायच्या आणि तीच गोष्ट सांगून यायच्या. पुढच्या वर्षी त्या आप्पांना घेऊन गेल्या, आणि गाडी चालवायला मला. हॉटेलचा हॉल, लांब टेबलं, पाण्याचे जग. आप्पा काळा कोट आणि गांधी टोपी घालून नलूताईंच्या शेजारी बसले, शाळेत इन्स्पेक्टर यायचे तेव्हा बसायचे तसे ताठ. नलूताईंनी घडीचा कागद उघडून दोन्ही रकाने वाचून दाखवले. एका सदस्याने सभ्यपणे विचारलं की अशी माणसं नेमकी किती आहेत? नलूताई म्हणाल्या, "तो आकडा तुमच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही. ज्याला कार्डच नाही तो तुमच्या आकड्यांत येणार कसा? म्हणून मी आकड्याऐवजी माणूस आणला आहे." आप्पा उठले आणि हात जोडून नमस्कार केला. अध्यक्ष थँक यू म्हणाले आणि पुढचं नाव पुकारलं.

परत येताना आम्ही कॉफी आणि डोनट घ्यायला थांबलो. आप्पांनी विचारलं, "काय नलूताई, मार्क किती?"

"नापास, सर."

"मग पुढच्या वर्षी परत बसू."

आणि खरंच बसले. दोन वर्षं परत बसले. नियम काही बदलला नाही, अजून तसाच आहे. पण ती वारी त्या दोघांना इतकी आवडायची की महिनाभर आधीपासून कोट ड्राय क्लीनला द्यायची गडबड सुरू व्हायची. आम्ही तोवर दोन गल्ल्या सोडून आपलं घर घेतलं होतं. रविवारी चार वाजता नलूताई आमच्याकडे यायच्या. गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे दोन हजार बारा साली, निर्वासितांच्या दवाखान्याच्या आणि औषधांच्या खर्चाला कात्री लागली तेव्हा टीव्हीवर सांगत होते, इतके वाचतील. नलूताईंनी चष्मा कपाळावर चढवला. तोवर त्यांचं हृदय थकलं होतं, बोलताना धाप लागायची. मी म्हटलं, "आता राहू द्या हो." तर ईराला म्हणाल्या, "पेन आण गं बेटा." आणि आमचं हायड्रोचं बिल पालथं करून त्यांनी मधोमध घडी घातली...

गेल्या शनिवारी निखिल विंडसरहून आला होता, घर विकायला काढायचंय म्हणून. मदतीला मी गेले, आप्पाही मागे लागून आले. घर पुसून-आवरून झाल्यावर निखिल म्हणाला, "मावशी, बेसमेंट आता रिकामंच आहे. खालची हीट बंद करतो, गॅस वाचेल." तो फर्नेसच्या खोलीत गेला आणि दांडीला हात घालून थांबला. पट्टी पिवळी पडली होती, अक्षर मात्र ठळक होतं. निखिलला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. "काय लिहिलंय हे?" त्याने विचारलं. मी वाचून दाखवलं. बंद करू नये. नलू. त्याने हात काढून घेतला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून उभा राहिला. मी त्याला जवळ घेतलं. मग तिथेच उभ्या उभ्या त्याला ती हीटरची आणि करपलेल्या गोधडीची गोष्ट सांगितली, तेव्हा तो रडता रडता हसायला लागला.

चार वाजले होते. वर नलूताईंच्याच शेगडीवर मी चहा टाकला. त्यांचे कप अजून बांधलेले नव्हते. चहा ओतला, तिघांनी घेतला, आणि बघते तर दुधाच्या भांड्यात अर्धा कप दूध उरलेलं. हाताने सवयीप्रमाणे चौघांचं घेतलं होतं. आप्पांनी भांड्यात डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ते आता तो प्रश्न विचारणार. पण त्यांनी भांडं उचललं, ते दूध आपल्या कपात ओतून घेतलं, उजवा पाय जरा सैल सोडून खुर्चीत मागे टेकले आणि सगळा चहा सावकाश प्यायले.